दोन डिटेलिंगच्या मधल्या काळात गाडीची निगा: मालकाला नेमके काय शिकवावे?

रंगतपासनीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात गाड्यांच्या डिटेलिंगचे, म्हणजे गाडीची सखोल सफाई, रंगाला पॉलिश आणि त्यावर कोटिंगचा संरक्षक थर देण्याचे काम करतो. आमच्याकडे रंग खराब झाला म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे नुकसान उन्हाने किंवा गाडी कशाला घासल्याने झालेले नसते, तर ते रोजच्या पुसण्याने झालेले असते. हे मालकाला सांगितले की त्याचा पटकन विश्वास बसत नाही, कारण रोज सकाळी फडके फिरवणे म्हणजेच गाडीची काळजी घेणे, असे आपण सगळेच लहानपणापासून पाहत आलो आहोत. सावलीत गाडी छान दिसते. उन्हात नेली किंवा रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली उभी केली की बॉनेटवर गोल गोल बारीक रेघांचे जाळे चमकते, आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ते लपवता येत नाही.

या धाग्याचे कारण असे की पॉलिश किंवा कोटिंग करून दिलेली गाडी काही महिन्यांनी त्याच जाळ्यासह परत येते तेव्हा मालकाला वाटते की काम कच्चे झाले, आणि आम्हाला दिसते की गाडी कोरड्या फडक्याने पुसली गेली आहे. दोघांच्या मधली ही दरी भरण्यासाठी गाडी ताब्यात देताना मालकाला अर्धा तास थांबवून काही गोष्टी हाताने करून दाखवायच्या, असे मी ठरवले आहे. त्या अर्ध्या तासात काय घ्यावे आणि काय सोडावे, याविषयी तुमची मते हवी आहेत.

माझे स्वतःचे मत आधी मांडतो. आजकालच्या गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंत रंगाचे जे थर असतात त्यांची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. चकाकी, उन्हापासूनचे संरक्षण आणि रेघा, या तिन्ही गोष्टी याच थरात असतात. मशिनने पॉलिश करणे याचा अर्थ रेघेच्या तळापर्यंत हा थर थोडा थोडा खरवडून सपाट करणे. म्हणजे प्रत्येक खोल पॉलिशला गाडी आपल्या शिलकीतून काही मायक्रॉन खर्च करते आणि ती शिल्लक पुन्हा भरता येत नाही. म्हणून मालकाला शिकवण्याची पहिली गोष्ट कोणते शॅम्पू किंवा कोणते वॅक्स ही नसून, धूळ बसलेल्या रंगाला कोरड्या कापडाने हात लावायचा नाही, ही आहे. आधी पाणी, मग साबणाचे पाणी, मग हात. हा क्रम ज्याला कळला त्याला बाकीचे शिकवणे सोपे जाते.

धुण्याची पद्धतही मी दाखवतो. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल अशी असावी. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली भरपूर धुवावे, म्हणजे सुटी धूळ हात न लावता निघून जाते. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खंगाळायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. टपापासून सुरुवात करावी आणि दरवाजांचा खालचा भाग शेवटी घ्यावा, कारण सर्वांत जास्त खडे आणि चिखल तिथेच असतो. चाकांसाठी वेगळे कापड आणि शक्य असल्यास वेगळी बादली ठेवावी. शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल रंगावर नुसता पसरून पाणी टिपावे, रगडू नये.

एवढे अर्ध्या तासात बसते. आता तुम्ही सांगा.

---

नागाळापार्ककर

दादा, तुम्ही लिहिलेले सगळे पटले, पण तुम्ही शिकवायला चुकीचा विद्यार्थी निवडला आहे असे मला वाटते. आमच्या इमारतीत गाडी मालक धुतच नाही. पहाटे एक जण येतो, एकाच बादलीत पाणी घेतो आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या त्याच पाण्याने व त्याच फडक्याने पुसून आठ वाजायच्या आत पुढच्या इमारतीत जातो. शेवटच्या गाडीला पहिल्या सगळ्या गाड्यांचा चिखल मिळतो, आणि कुणाची गाडी शेवटची येते हे त्या दिवशी तो कुठल्या टोकाने सुरुवात करतो त्यावर ठरते.

तुम्ही मालकाला अर्धा तास उभे करून दोन बादल्या दाखवाल, तो मान डोलावेल, घरी जाईल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच एक बादली त्याच्या गाडीपाशी येईल. त्या माणसाचा यात दोष आहे असे मी म्हणत नाही. त्याला महिन्याला गाडीमागे जे पैसे मिळतात त्यात दोन बादल्यांचा हिशेब बसत नाही आणि नळही एकच आहे. ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे त्यांचीही गोष्ट वेगळी नाही. मालक येण्याआधी गाडी चकाचक दिसली पाहिजे म्हणून ड्रायव्हर डिकीतल्या पिवळ्या फडक्याने ती झटकत बसतो.

माझा प्रश्न असा की मालकाने त्या पुसणाऱ्या माणसाला काय सांगावे, जे त्याला परवडेल आणि जमेल?

---

रंगतपासनीस

प्रश्न नेमका आहे आणि माझ्या अर्ध्या तासाच्या मांडणीत तो आला नव्हता हे मान्य. त्यावर माझे उत्तर देतो.

रोज पुसणे बंद करून आठवड्यातून दोनदा पाण्याने धुण्यास सांगावे, आणि पैसे मात्र तेवढेच द्यावेत. पुसणाऱ्याला यात तोटा नाही, कारण पाच दिवस त्या गाडीचा वेळ वाचतो. मधल्या दिवसांत फक्त काचा आणि आरसे पुसावेत. काच रंगापेक्षा बरीच कठीण असते, तिथे ओल्या फडक्याने फारसे बिघडत नाही. लोकांना गाडी मळलेली दिसते म्हणून लाज वाटते, पण धुळीचा पातळ थर नुसता बसून राहिला तर रंगाचे काही बिघडत नाही. तो फडक्याखाली फिरायला लागला की बिघडते.

दुसरे म्हणजे कापड मालकाने स्वतःचे द्यावे आणि ते गाडीतच ठेवावे. दोन-तीन मायक्रोफायबर कापडे पुरतात. ती घरी स्वतंत्र धुवावीत. सुती कपड्यांबरोबर टाकली तर त्यांचे धागे चिकटतात आणि फॅब्रिक सॉफ्टनर वापरला तर तंतूंवर थर बसून पाणी शोषण्याची ताकद जाते. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवशी पुन्हा रंगावर लावायचे नाही, एवढा एकच नियम पुसणाऱ्याला सांगावा. तो लक्षात राहतो.

बोअरच्या पाण्याविषयीही सांगणे भाग आहे. आपल्याकडे अनेक इमारतींत गाडी धुण्यासाठी बोअरचेच पाणी वापरतात आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पाणी उन्हात गाडीवर वाळले की पांढरे गोल ठिपके राहतात. ताजे ठिपके पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून लावले, क्षणभर ठेवले आणि लगेच धुऊन टाकले तर बहुधा निघतात. तेच ठिपके उन्हाळाभर भाजत राहिले तर रंगात खळगे पडतात आणि मग पॉलिशशिवाय इलाज राहत नाही. म्हणून बोअरच्या पाण्याने धुतले तर पाणी टिपण्याचे काम टाळू नये, किंवा शेवटचा एक तांब्या तरी पालिकेच्या नळाच्या पाण्याचा घ्यावा.

---

फौंड्रीवाला शिरोली

मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे आणि हा धागा वाचून राहवले नाही. आमच्याकडे गाड्या फेटलिंग शॉपच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या विभागाच्या, वाऱ्याच्या बाजूला उभ्या असतात. ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे बारीक तप्त कण पांढऱ्या गाडीवर बसतात, आणि पाऊस पडला की त्या प्रत्येक कणाभोवती नारिंगी ठिपका तयार होतो. नवीन माणसाला वाटते की गाडीच गंजली. प्रत्यक्षात पत्रा शाबूत असतो. रंगात रुतलेला बाहेरचा कण गंजलेला असतो. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत गाडी लावणाऱ्यांनाही हाच त्रास असतो.

हे शॅम्पूने निघत नाही. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बॉनेटवरून हळूच फिरवला तर नुसत्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा लगेच कळतो. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचे द्रावण मिळते, जे लोखंडाशी संयोग झाला की जांभळे होते. ते सावलीत, गार पत्र्यावर मारायचे, वाळू द्यायचे नाही आणि भरपूर पाण्याने धुवायचे. वास मात्र इतका घाण असतो की घरच्या पार्किंगमध्ये मारल्यास शेजारी विचारपूस करतात. क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, मी मालकाला शिकवणार नाही. तो पुरेशा ओलाव्याशिवाय फिरवला किंवा जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरला तर तोच रेघा पाडतो, तेव्हा ते काम डिटेलिंगवाल्याकडेच राहू द्यावे.

आणखी एक धूळ सगळ्यांनाच भोगावी लागते. गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आजूबाजूला बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख पडते, आणि तोडणीनंतर शेतात पाला पेटवला की त्याचीही काजळी उडते. ही राख हलकी आणि मऊ दिसते, म्हणून लोक ती फडक्याने झटकतात. बगॅसच्या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असते. ती चिरडली की पॉलिश पेपर फिरवल्याचेच काम होते. फुंकर मारून किंवा पाण्याने उडवून लावावी, बस्स.

---

गगनबावडा रोड

सर्वांची चर्चा रंगाभोवती फिरते आहे, म्हणून मी पावसाळ्याची बाजू मांडते. माझे रोजचे येणे-जाणे गगनबावड्याच्या बाजूला असते, आणि जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस कसा असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या काळात गाडी चमकते की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. गाडी आतून कोरडी आहे की नाही, याला उरतो.

घाटाजवळची तांबडी माती चाकांच्या कमानीत आणि दरवाजांच्या खालच्या कडेला थापली जाते. ती ओली असतानाच पाण्याच्या जोराने सोडवली तर निघते; वाळली की दगडासारखी होते आणि ओलावा धरून ठेवते. दरवाजांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात, ज्यांतून काचेवरून आत उतरलेले पाणी बाहेर पडते. ती मातीने बुजली तर पाणी दरवाजातच साठून राहते. गाडी वळवल्यावर दरवाजातून डचमळण्याचा आवाज आला तर मेकॅनिककडे जाण्याआधी एखादी मऊ काडी घेऊन ती छिद्रे मोकळी करून पाहावीत. समोरच्या काचेखालच्या जाळीत झाडांचा पाला अडकतो. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर तो दर आठवड्याला हाताने वेचून काढावा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांत थोडे पाणी ओतून ते खाली चाकांजवळ बाहेर येते का ते पाहावे. छतातून पाणी गळते म्हणून सीट ओल्या झालेल्या गाड्यांत पुष्कळदा रबर चांगले असते आणि नळी तुंबलेली असते.

आतल्या बाजूस कार्पेट मॅट पावसाळाभर काढून ठेवावेत आणि रबरी मॅट वापरावेत, कारण कार्पेट मॅट वरून कोरडा दिसला तरी खाली ओल धरतो. मुक्कामाला पोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. आतली कॉइल वाळते आणि तो कुबट वास येत नाही. डॅशबोर्डवर बुरशीची पांढरी बुरी आली तर कोरड्या फडक्याने झटकू नये, ती गाडीभर उडते. किंचित ओल्या कापडाने टिपावी. चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश मी कधीच वापरत नाही. उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि घाटातल्या वळणावर ते धोक्याचे आहे.

कोकणात उतरणाऱ्यांसाठी एक शब्द. करूळ किंवा फोंडा घाटाने मालवण-देवगडकडे जाऊन वाळूवर गाडी घातली असेल तर परत आल्यावर वरून धुणे पुरेसे नाही, कारण मीठ खाली चिकटलेले असते. वॉशिंग सेंटरवर गाडी उचलून खालून साध्या पाण्याने धुऊन घ्यावी. तिथे बहुतेक जण शेवटी डिझेल किंवा तेलाचा फवारा मारण्याविषयी विचारतात. त्याला ठाम नकार द्यावा. त्याने रबरी बुश खराब होतात आणि धूळ अधिक चिकटते.

---

जुनी ८००

मी सगळे शांतपणे वाचले. माझ्याकडे जुनी मारुती आहे, आणि आमच्या वडिलांनी ती कपड्यांच्या पावडरने धुतली, जुन्या बनियनने पुसली आणि गाडी आजही चालते. दोन बादल्या, वेगळे मोजे, जांभळे होणारे औषध, हे सगळे पाहून मला असे वाटते की आपण गाडी वापरायची सोडून तिची सेवा करायला निघालो आहोत. दुसरे असे की ज्यांनी हजारो रुपये देऊन सिरॅमिक कोटिंग केले, त्यांना ‘नऊ एच, ओरखडा पडणार नाही’ असेच सांगितले गेले होते ना? मग आता त्यांना पुन्हा धुणे का शिकवायचे? तुमच्यासारख्या माणसाने ग्राहकाला शिकवले तर त्याचा धंदा कमी होतो आणि नाही शिकवले तर वाढतो, तेव्हा तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण तुमच्या व्यवसायाबद्दल आहे.

---

रंगतपासनीस

काका, शंका रास्त आहे, आणि नऊ एचचा मुद्दा तर आमच्या व्यवसायातल्या लोकांनीच ओढवून घेतलेला आहे.

नऊ एच हे माप पेन्सिलींच्या कठीणपणाचे आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठराविक कोनात आणि दाबाने थरावर ओढतात आणि सर्वांत कठीण पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही तर थर नऊ एच म्हणतात. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि चिकणमाती असते. वाळूतला क्वार्ट्‌झ खनिजांच्या मोह्‌स मापनात ७ वर येतो, आणि तो पेन्सिलीच्या मापनात मोजतच नाहीत. ही दोन वेगळी मापे आहेत, पण ‘नऊ’ हा आकडा ऐकून ग्राहकाला हिऱ्याच्या शेजारचे काहीतरी आठवते, आणि विकणारा त्याचा गैरसमज दूर करत नाही. कोटिंगचा खरा उपयोग पाणी आणि घाण न चिकटण्यात आहे. गाडी लवकर धुतली जाते, कमी घासावी लागते आणि म्हणून रेघा कमी पडतात. कोरडे फडके कोटिंगवरही रेघा पाडतेच.

कपड्यांच्या पावडरविषयी सांगायचे तर ती अल्कधर्मी असते, वॅक्सचा थर काढून टाकते आणि रबर व प्लॅस्टिक हळूहळू कोरडे पाडते. भांड्यांचे लिक्विडही वॅक्स उतरवते. तुमच्या वडिलांच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसे, पॉलिश केले की कापडाला गाडीचा रंग लागे, आणि रेघा आजच्या गडद धातुरंगासारख्या उन्हात उघड्या पडत नसत. तुमची गाडी चालते याबद्दल वाद नाही. रंगाची काळजी आणि गाडी चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला दुसरीच हवी आहे त्याने पहिलीवर खर्च करू नये, हे माझे प्रामाणिक मत आहे.

धंद्याचा हिशेब असा आहे. ज्याची गाडी दर वर्षी जाळ्यासह येते तिच्यावर मी चार-पाच वेळा खोल पॉलिश करू शकतो, मग क्लिअर कोट पातळ होतो आणि मलाच हात लावायची भीती वाटते. कडांवर आणि बॉनेटच्या उठावावर थर आधीच कमी असतो, तिथे तर लवकरच. ज्याची गाडी नीट धुतली जाते त्याच्याकडे फक्त आतली सफाई, लोखंडाचे कण काढणे आणि कोटिंगचा वरचा थर नवा करणे एवढेच उरते. काम हलके असते, दर कमी असतो आणि तो माणूस वर्षानुवर्षे येत राहतो. मला दुसरा परवडतो.

खर्चाविषयी: मोजा, दोन बादल्या, साधे पीएच-न्यूट्रल (आम्लधर्मी नाही आणि अल्कधर्मीही नाही असे) शॅम्पू आणि एक टॉवेल, एवढ्यावर वर्षे निघतात. बाकी बाटल्या घेतल्याच पाहिजेत असे नाही.

---

टेंबलाई नाका

दोन घरगुती प्रश्न विचारतो. खंडेनवमीला गाडीची पूजा होते, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढतात, हार घालतात, आणि तो हार वाळेपर्यंत काढायचा नाही असा घरच्या मंडळींचा आग्रह असतो. पांढऱ्या गाडीवर कुंकवाचा गुलाबी डाग राहिला तो आजही आहे. दुसरा प्रश्न गुलालाचा. जोतिबाची चैत्र यात्रा असो, गणपती विसर्जन असो किंवा निवडणुकीची मिरवणूक, आपल्याकडे गुलालाशिवाय काही पार पडत नाही. गाडीवर गुलाल पडल्यावर नेमके काय करावे? आणि पक्ष्यांची विष्ठा, ती तर रोजचीच आहे.

---

गगनबावडा रोड

कुंकवाबाबत आमच्या घरी उपाय असा निघाला की स्वस्तिक समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात काढायचे. काचेवर डाग राहत नाही आणि आजींचेही समाधान होते. हळद लागली असेल तर काळजी नको, धुतल्यावर राहिलेला पिवळेपणा उन्हात उडून जातो. हाराच्या दोऱ्याला तार असेल तर मात्र ती वाऱ्याने रंगावर घासते, म्हणून गाडी हलवण्याआधी हार काढून आतल्या आरशाला बांधावा, किंवा एखादे लहानसे फूल तेवढे आत ठेवावे.

---

रंगतपासनीस

ताईंनी कुंकवाचे उत्तर दिलेच आहे. जुना डाग क्लिअर कोटमध्ये मुरला असेल तर आधी इसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मऊ कापडाने लपलेल्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी आणि मग डागावर लावावे; नाही गेला तर हलके पॉलिश लागेल.

गुलालात महत्त्वाचे हे की तो कोरडा असतो तोपर्यंत निरुपद्रवी असतो. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसणे ही सर्वांत वाईट गोष्ट, कारण त्याने रंग विरघळून काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत, रबरात आणि दरवाजाच्या फटींत उतरतो, आणि तिथून तो सहजासहजी निघत नाही. कंप्रेसरची हवा मिळत असेल तर आधी फटींतून उडवावा. नाहीतर टपापासून खाली भरपूर वाहते पाणी सोडावे, पाण्याला रंग येणे थांबेपर्यंत हात लावू नये, आणि मगच शॅम्पू घ्यावा. मिरवणुकीजवळून जाताना एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवावा. बाहेरची हवा घेत राहिलात तर केबिन फिल्टर गुलालाने भरतो आणि पुढचे आठवडाभर डॅशबोर्डवर बारीक गुलाबी धूळ येत राहते. तसे झालेच तर फिल्टर बदलावा, झटकून परत बसवू नये.

पक्ष्यांच्या विष्ठेच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. तिच्यात आम्ल असते. दुपारी तापलेला रंग थोडा मऊ पडतो आणि संध्याकाळी गार होताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत पृष्ठभागाभोवती आखडतो, म्हणून धुतल्यावरही तिथे ठसा दिसतो. गाडीत पाण्याची छोटी फवारणीची बाटली आणि कापड ठेवावे. ओले कापड त्यावर काही मिनिटे नुसते ठेवावे, मऊ झाली की चिमटीत उचलल्यासारखी उचलावी, आणि राहिलेले नव्या बाजूने टिपावे. नखाने खरवडू नये. विष्ठेत बियांचे कण असतात आणि तेच रेघा पाडतात. चिंचेच्या किंवा वर्षावृक्षाच्या खाली गाडी लावणाऱ्यांना चिकट डिंकासाठीही हेच करावे लागते, फक्त पाण्याऐवजी त्याच अल्कोहोलचे पाणी घ्यावे.

---

नागाळापार्ककर

धाग्यावरची चर्चा इमारतीच्या ग्रुपवर पाठवली होती. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी आठवड्यातून दोनदा धुण्याची पद्धत मान्य केली आणि पुसणाऱ्याला पैसे तेच ठेवले. त्याने एक अट घातली, ती मला न्याय्य वाटली: पार्किंगच्या मागच्या बाजूचा नळ सुरू करून द्यावा आणि लांब पाइप द्यावा, म्हणजे बादल्या वाहून न्याव्या लागणार नाहीत. प्लंबर बोलावला आहे. तो नळ बोअरच्या टाकीवर आहे, तेव्हा पाणी टिपण्यासाठी टॉवेल प्रत्येकाने आपापला द्यायचा, असे ठरले आहे.

एकच विचारायचे आहे. पहाटे धुतलेली गाडी सुट्टीच्या दिवशी तशीच उभी राहिली तर दुपारी हँडब्रेक सोडताना चाकांतून करकर आवाज येतो. त्याचे काय करावे?

---

फौंड्रीवाला शिरोली

ब्रेकची डिस्क किंवा ड्रम ओतीव लोखंडाचा असतो, म्हणून ओला राहिला की काही तासांत त्याच्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि ब्रेकचे पॅड किंवा ड्रमचे लायनर त्याला चिकटतात. धुतल्यानंतर गाडी पार्किंगमध्येच थोडी पुढे-मागे करून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबावा म्हणजे पाणी निघून जाते. जागा सपाट असेल तर वाळेपर्यंत हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला ठोकळा लावावा. आणि लांबून तापून आलेल्या गाडीच्या चाकांवर लगेच गार पाणी मारू नका म्हणून पुसणाऱ्याला सांगून ठेवा. डिस्क वाकली की स्टिअरिंग थरथरते आणि तो खर्च टॉवेलपेक्षा बराच मोठा असतो.